पाहुण्यांना इंग्रजीतून रस्ता सांगताय? या चुका टाळा

वेरूळ-अजिंठा १९८३ साली जागतिक वारसा यादीत आले. छत्रपती संभाजीनगरात परदेशी पाहुणा रिक्षावाल्याला नाहीतर टपरीवाल्याला रस्ता विचारतो, आणि आपली माणसं मनापासून सांगतातही. तरी पाहुणा चुकतो, बहुतेकदा दोन-तीन शब्दांपायी.

सगळ्यात जास्त घोळ ‘समोर’चा. बसस्थानकाच्या दारातल्या रिक्षाही आपल्याला समोर आणि रस्त्यापलीकडचं हॉटेलही समोरच. इंग्रजीत ‘इन फ्रंट ऑफ’ ऐकलं की पाहुणा रस्ता न ओलांडता दारापाशीच शोधत बसतो. पलीकडचं दाखवायचं असेल तर ‘ऑपोझिट’ किंवा ‘अक्रॉस द रोड फ्रॉम’ म्हणा. मागे असेल तर ‘बिहाइंड’. ‘बॅकसाइड’ मुळीच नको. इंग्लंड-अमेरिकेत त्याचा अर्थ ढुंगण असा होतो.

‘सिग्नलवरून डावीकडे’ डोक्यात असतं म्हणून ‘फ्रॉम द सिग्नल’ तोंडात येतं. तिथे ‘टर्न लेफ्ट ॲट द सिग्नल’ हवं. ‘मंदिर ओलांडून पुढे’ याचं ‘क्रॉस द टेंपल’ करू नका, ‘गो पास्ट द टेंपल’ म्हणा. दौलताबादला मात्र वेरूळचा जुना रस्ता चक्क दरवाज्याच्या आतून जातो, म्हणून तिथे ‘गो थ्रू द ओल्ड गेट’. ‘पास्ट’ म्हणालात तर पाहुणा दरवाजा टाळून जाणारी वाट शोधेल. हा फरक पाठच करून ठेवा, फार उपयोगी आहे.

चौकाला सरसकट ‘सर्कल’ म्हणू नका. मधोमध गोल बेट असेल तरच ते चालेल. ब्रिटिश त्याला ‘राउंडअबाउट’ म्हणतात. नुसते चार रस्ते मिळत असतील तर ब्रिटिशाला ‘क्रॉसरोड्स’ सांगा, अमेरिकनाला ‘इंटरसेक्शन’. क्रांती चौकाचं नाव मात्र तसंच ठेवा, पाटीवर तेच वाचायला मिळणार.

‘व्हेरी नियर’पेक्षा आकडा सांगा: शहरातून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर.

कन्नडच्या घाटाला नुसतं ‘घाट’ म्हटलं तर वाराणसी पाहून आलेल्याला नदीच्या पायऱ्या आठवतात. ‘माउंटन रोड, शार्प बेंड्स’ म्हणा. खड्डा म्हणजे ‘पॉटहोल’, कच्चा रस्ता म्हणजे ‘डर्ट रोड’. पावसाळ्यात तो काळ्या रानातून जाणारा असेल तर ‘व्हेरी मडी’ हेही जोडा, नाहीतर भाड्याची गाडी रुतलीच म्हणून समजा.