जुन्या रीळ टेपरेकॉर्डरमधले झिजलेले लहान भाग कसे बदलावेत

जुना रीळ टेपरेकॉर्डर नीट चालेनासा होतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा मोटरमध्ये किंवा हेडमध्ये (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागात) नसतो. तो रबराच्या आणि नमद्याच्या (दाबून केलेल्या लोकरी कापडाच्या), बोटांवर मोजता येतील एवढ्या लहान भागांत असतो. १९६० आणि १९७० च्या दशकांत बनलेल्या यंत्रांतील पोलादी दांडे, पितळी बुश (दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या) आणि वेग एकसारखा ठेवणारे जड फ्लायव्हील चाक आजही उत्तम स्थितीत सापडतात, मात्र त्यांच्यामधला बेल्ट सैल पडलेला, फीत दाबून धरणारा पिंच रोलर कडक झालेला आणि ब्रेकचा नमदा झिजून पत्र्याला टेकलेला असतो. हे भाग घरी बदलता येतात. ते बदलताना एक पथ्य मी कटाक्षाने पाळतो. जुना भाग कितीही खराब झालेला असो, नवा भाग बसून यंत्र बरोबर चालल्याची खात्री होईपर्यंत तो टाकायचा नाही, कारण त्या जागी नेमकी किती जाडी, रुंदी आणि उंची लागते हे सांगणारा हाताशी असलेला पुरावा तोच असतो.

झाकण उघडण्यापूर्वी दोष यंत्राचा की फितीचा, हे ठरवून घ्यावे. १९७० आणि १९८० च्या दशकांतील, मागच्या बाजूस काळा लेप दिलेल्या काही फिती हवेतला ओलावा शोषून चिकट होतात. अशी फीत हेडवरून जाताना किंचाळते, अडखळते आणि वाटेत तपकिरी चिकटा सोडते. आवाज डगमगतो म्हणून रोलर बदलावा, आणि दोष फितीत निघावा, असे होऊ नये यासाठी चांगली असल्याची खात्री असलेली एक फीत आधी लावून पाहावी. त्यानंतर प्लग काढावा. मोटरला जोडलेल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, म्हणून प्लग काढल्यावरही त्याच्या टोकांना हात लावू नये. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यावा, आणि सर्क्लिप (दांड्यावरचा भाग जागी धरणारी लहान कडी) काढताना तिच्यावर दुसऱ्या हाताचे बोट धरावे, कारण सुटलेली क्लिप उडून यंत्राच्या पोटात गेली की तिचा शोध हेच मोठे काम होऊन बसते.

बेल्ट दोन प्रकारे म्हातारा होतो. काही बेल्ट नुसते ताणतात आणि गुळगुळीत होऊन पुलीवर घसरतात. काही मात्र वितळून डांबरासारखा काळा चिकट लगदा होतात. हा लगदा बोटांना, कपड्यांना आणि टेबलाला लागला की निघता निघत नाही, म्हणून हातमोजे घालावेत, मोठा भाग लाकडी काडीने खरवडून काढावा आणि उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसावा. पुलीच्या खाचेत लगद्याचा पातळ थर राहिला तरी नवा बेल्ट एका बाजूला चढतो, तेव्हा कापड काळे येणे थांबेपर्यंत पुसणे आवश्यक आहे. ॲसिटोन वापरू नये. आसपासचे प्लास्टिक त्याने विरघळते.

नव्या बेल्टचे माप जुन्या बेल्टवरून घेताना एक चूक सर्रास होते: ताणलेल्या बेल्टची लांबी मूळ लांबी समजली जाते. जाडी आणि रुंदी जुन्या बेल्टवरूनच घ्यावी, पण लांबीसाठी बेल्ट ज्या मार्गाने जातो त्या मार्गावरून, सगळ्या पुल्यांभोवती, एक न ताणणारा दोरा फिरवून मोजावा आणि त्याहून साधारण ५ ते ७ टक्के कमी आतला परीघ असलेला बेल्ट घ्यावा. त्याहून घट्ट बेल्ट सुरुवातीला छान चालतो असे वाटते, परंतु तो मोटरचा दांडा सतत एका बाजूला ओढत राहतो आणि बुश झिजवतो.

काही यंत्रांत बेल्टऐवजी, किंवा बेल्टच्या जोडीला, मोटरचा पायऱ्यांचा दांडा आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये रबरी कडेचे आयडलर चाक असते. यंत्र वेगाचा खटका लावलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे पडून राहिले, तर त्या चाकाला दाबाच्या जागी खळगा पडतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका ऐकू येतो. खळगा अगदी उथळ असेल तर बारीक पॉलिश कागदाने कड एकसारखी करता येते. खोल असेल तर रबर नव्याने चढवून घेण्यावाचून पर्याय नाही. घासल्यामुळे चाकाचा व्यास फार कमी होऊ देऊ नये, नाहीतर ते पुरेशा दाबाने टेकत नाही.

सर्वांत जास्त लक्ष पिंच रोलरला द्यावे लागते. फिरणाऱ्या कॅप्स्टनवर, म्हणजे फीत ठरावीक वेगाने ओढणाऱ्या बारीक दांड्यावर, फीत दाबून धरणारा हा रोलर कडक झाला, त्याच्या रबरावर चकाकी आली किंवा मध्यभागी फितीच्या रुंदीचा पट्टा झिजला, की फीत घसरते आणि लांबवलेला स्वर थरथरू लागतो. नखाने दाबून पाहावे: चांगले रबर थोडे दबते आणि लगेच पूर्ववत होते. केवळ मळ बसला असेल तर सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा. नवा रोलर घेताना बाहेरचा व्यास, रबराची उंची, बुशचे भोक आणि बुशची पूर्ण उंची ही चारही मापे जुळली पाहिजेत.

इथे रोलरच्या खाली आणि वर असलेल्या पातळ वॉशरांकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी कळकळीने सांगतो. एकदा जुन्या रोलरच्या तळाला वंगणाने चिकटलेला, नखाएवढा पातळ वॉशर माझ्या नजरेतून सुटला आणि नवा रोलर त्याच्याशिवाय बसला. फीत चालली, आवाजही ठीक आला, परंतु ती किंचित तिरकी धावत, फितीला वाटेवर ठेवणाऱ्या गाइडच्या कडेला घासत होती. दुसऱ्या दिवशी रीळ उलगडून पाहिले तेव्हा फितीच्या एका काठावर बारीक चुण्यांची रांग उमटली होती. त्या फितीवर घरातल्या माणसाचा आवाज होता आणि तिची दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून नवा रोलर बसवल्यावर मी पहिला अर्धा तास बिनमहत्त्वाची फीत चालवतो आणि कॅप्स्टनजवळ प्रकाश धरून ती वर-खाली सरकते का, हे पाहतो.

ब्रेकचा नमदा झिजल्याची खूण म्हणजे वेगाने गुंडाळत असताना थांबवल्यावर फितीचे वेटोळे सैल होऊन बाहेर पडणे. तेल लागलेला नमदा साफ करण्याच्या भरीस पडू नये; तो बदलावा. नव्या नमद्याची जाडी जुन्याच्या न झिजलेल्या कडेवर मोजावी आणि चिकटवताना डिंकाचा थर इतका पातळ द्यावा की तो नमद्यात मुरणार नाही, कारण मुरलेला डिंक वाळला की नमदा लाकडासारखा टणक होतो. हेडवर फीत दाबणाऱ्या लहान नमद्याच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. टणक नमदा हेड झिजवतो.

कॅप्स्टनच्या बुशला हलक्या यंत्रतेलाचा एक थेंब पुरे. उडालेले तेल रबरावर गेले असेल तर तिथेच पुसावे.

शेवटी वेग तपासावा. सेकंदाला १९.०५ सेंटिमीटर वेगाने ३० सेकंदांत ५७१.५ सेंटिमीटर फीत सरकते. जुन्या फितीवर सुरुवातीचे काही मीटर सोडून एवढ्या अंतरावर पेन्सिलीने दोन खुणा कराव्यात आणि पहिली खूण कॅप्स्टनवरून गेल्यापासून दुसरी जाईपर्यंतचा वेळ मोजावा. ३१ सेकंद लागले तर वेग सुमारे ३ टक्के कमी आहे, म्हणजे सूर षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्यातील अंतराच्या जवळपास निम्म्याने उतरलेला आहे; अशा वेळी आधी बेल्टची घसरण आणि मग पिंच रोलरची स्प्रिंग पाहावी. वेग तब्बल सहाव्या हिश्शाने कमी असेल तर भाग बदलताना तुमची चूक झालेली नाही: यंत्र ६० हर्ट्‌झच्या विजेसाठी बनलेले असून ५० हर्ट्‌झवर चालते आहे, आणि त्याची मोटर-पुली बदलावी लागेल. वेग जुळला की काढलेले जुने भाग एका पाकिटात घालून त्यावर तारीख आणि घेतलेली मापे लिहावीत व ते पाकीट यंत्राच्या खोक्यात, हलत्या भागांपासून दूर, चिकटवून ठेवावे.