चाळिशीत वैमानिक व्हायचे असेल तर: राजीनाम्याआधीची तयारी

वैमानिक व्हायची इच्छा पस्तिशी-चाळिशीत पुन्हा डोके वर काढते, तेव्हा बहुतेक जण सर्वांत आधी फ्लाइंग स्कूलची फी विचारतात. माझ्या मते त्या प्रश्नाचा क्रमांक चौथा किंवा पाचवा असावा. सुरुवात वजाबाकीने करावी. प्रवासी विमानसेवेत वैमानिकाला वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंतच उडता येते. त्यातून आजचे वय, प्रशिक्षण आणि परीक्षांची दोन-अडीच वर्षे आणि परवाना हाती आल्यावर नोकरीची वाट पाहण्यात जाणारे वर्ष-दीड वर्ष वजा करावे, आणि उरलेल्या काळात घातलेला पैसा फिटतो का, हे कागदावर मांडून पाहावे. बेचाळिसाव्या वर्षी निघालेल्याला अठरा-एकोणीस वर्षे उरतात, आणि ती काही थोडी नव्हेत. मात्र या हिशेबात विमान कंपन्यांच्या कॅडेट योजना (निवडलेल्या नवोदितांना कंपनीतर्फे वैमानिक घडवण्याच्या योजना) धरू नयेत. त्यांना बहुधा वयाची अट असते आणि आपण ती केव्हाच ओलांडलेली असते.

यानंतर शरीराकडे वळावे, आणि येथे घाई करू नये. डीजीसीएने (नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे आधी क्लास टू वैद्यकीय तपासणी होते आणि ती मुंबईतल्या मुंबईत उरकते. परंतु व्यावसायिक परवान्यासाठी क्लास वन ही अधिक कडक तपासणी लागते, आणि तिचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कोणत्याही संस्थेला अनामत रकमेपलीकडे एक रुपयाही देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. चष्मा चालतो, रंगांधळेपणा चालत नाही. चाळिशीच्या उमेदवाराची खरी अडचण रक्तदाब, साखर, वजन आणि ईसीजी ही असते, कधी कधी कानांचीही; वीस वर्षे लोकलच्या दारात उभे राहून प्रवास केलेल्या माणसाने ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, हलक्यात घेऊ नये. म्हणून अधिकृत तपासणीच्या सहा महिने आधी आपल्या नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सगळ्या चाचण्या करून घ्याव्यात, आणि जे सुधारण्यासारखे असेल ते सुधारूनच तपासणीला जावे. ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा मिळाला म्हणजे दार बंद झाले असे नव्हे. जुनी शस्त्रक्रिया किंवा चालू औषध लपवणे मात्र पुढे परवान्याच्या मुळावर येते.

कागदपत्रांना लोकांच्या अंदाजापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स नसतील, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून तेवढे दोन विषय देता येतात. कॉमर्सवाल्यांची वाट तीच. बारावीच्या गुणपत्रिकेची बोर्डाकडून पडताळणी करून घ्यावी लागते, आणि मुंबई विभागाचे बोर्ड वाशीला असल्यामुळे त्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवावी. सर्वांत चिवट भानगड नावाची. दहावीच्या दाखल्यावर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, पासपोर्टवर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव, आधारवर तिसरेच स्पेलिंग, अशी परिस्थिती असलेल्या भगिनींनी राजपत्रातील नोंदीपासून सुरुवात करून सगळे कागद एका नावावर आणावेत, आणि मगच परीक्षांसाठी लागणाऱ्या डीजीसीएच्या कॉम्प्युटर नंबरसाठी अर्ज करावा.

नंबर मिळाला की नोकरी न सोडता लेखी परीक्षा देता येतात, आणि त्या तशाच द्याव्यात. एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, मेटिओरॉलॉजी (हवामानशास्त्र), टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक असे विषय असून प्रत्येकात ७० टक्के गुण लागतात. रेग्युलेशन्स आणि मेटिओरॉलॉजी डोंबिवली ते सीएसएमटी प्रवासात वाचून होतात, विशेषतः कल्याणकडे उलटे जाऊन बसायला जागा मिळवली तर. नेव्हिगेशनला टेबल, नकाशा आणि गोल फ्लाइट कॉम्प्युटर लागतो. त्यासाठी पहाटेचा तास राखून ठेवावा. टेक्निकल स्पेसिफिक ज्या विमानावर शिकायचे त्याचेच असते, म्हणून संस्था ठरल्यावरच त्याला हात घालावा. आरटीआर, म्हणजे विमानातील रेडिओवरून बोलण्याच्या परवान्याच्या परीक्षेसाठी, मोठ्याने बोलण्याचा सराव हवा, आणि घरच्यांना त्याची आधी कल्पना द्यावी.

संस्था निवडताना मुंबईबाहेर राहण्याची मनाची तयारी लागते. जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली टपालाचे विमान जुहूला उतरवले; आज मात्र मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात विद्यार्थ्याला शिकायला जागा उरलेली नाही, आणि महाराष्ट्रातला विद्यार्थी धुळे, शिरपूर, बारामती किंवा गोंदियाची वाट धरतो. परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात १०० तास स्वतः कमांडमध्ये (विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःकडे असताना), किमान ३०० सागरी मैलांचे एक क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी जाणारे) उड्डाण, केवळ उपकरणे पाहून उडण्याचे १० तास आणि रात्रीचे ५ तास यांचा समावेश असतो. शनिवार-रविवार धुळ्याला जाऊन हे तास भरतील, ही कल्पना सोडून द्यावी. अंतर पडले की हात विसरतो आणि तेच धडे पुन्हा पैसे भरून गिरवावे लागतात. प्रत्यक्ष भेट देऊन उडण्यायोग्य विमाने किती, प्रशिक्षक किती आणि गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याचे किती तास झाले, हे विचारावे. कार्यालयात मिळालेले उत्तर बाहेरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून पडताळून घ्यावे, आणि फी टप्प्याटप्प्यानेच भरावी. पावसाळ्यात ढग खाली येतात आणि उड्डाणे दिवसेंदिवस रखडतात, म्हणून जूनमध्ये नव्हे, ऑक्टोबरमध्ये रुजू व्हावे.

पैशाचा अंदाज साधारण ५० ते ६० लाखांचा धरावा, आणि टाइप रेटिंगचे (कंपनीच्या विशिष्ट प्रकारच्या विमानावरील पात्रतेचे) १५ लाखांच्या आसपास वेगळे. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि ते तारण म्हणजे बहुधा राहता फ्लॅट. त्यामुळे पती-पत्नीचे बोलणे बँकेत जाण्याआधी पूर्ण झालेले असावे. शिवाय दोन वर्षांचा घरखर्च बाजूला हवा, आणि कंपनीचा आरोग्यविमा राजीनाम्याबरोबर संपत असल्याने आई-वडिलांसह स्वतंत्र पॉलिसी आधीच घेतलेली असावी.

राजीनामा या सगळ्यानंतर द्यावा, आणि बिनपगारी दीर्घ रजा मिळत असेल तर तोही देऊ नये. नोकरीची हमी नसताना टाइप रेटिंगवर पैसे घालणे मला धाडसाचे वाटते. पहिल्या दिवशी शेजारी अठ्ठावीस वर्षांचा कॅप्टन असेल आणि त्याला ‘सर’ म्हणावे लागेल, याचाही सराव करून ठेवलेला बरा. परवाना आल्यानंतर मुलाखतीची वाट पाहण्याच्या काळातही वैद्यकीय तपासणी आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) दरवर्षी नव्याने करावे लागते. त्यासाठीचे काही तास आणि त्यांचे पैसे मूळ अंदाजपत्रकातच लिहून ठेवावेत.