इंग्रजी कादंबरी तिच्या काळासकट कशी वाचावी

आपल्याकडचे बरेच विद्यार्थी गाइडमधली ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ आधी पाठ करतात आणि कादंबरी, जमल्यास, नंतर वाचतात. हा क्रम उलटा करावा. उदाहरणादाखल एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘नॉर्थ अँड साउथ’ घेऊ.

पहिल्या वाचनात, जिथे थबकायला होईल त्या जागेवर पेन्सिलीने फक्त खूण करावी. यात बेसी हिगिन्स ही गिरणीकामगार मुलगी आहे. गिरणीच्या कार्डिंग (कापूस पिंजण्याच्या) खात्यात उडणारे कापसाचे तंतू छातीत जाऊन ती खंगली आहे. हे तंतू ओढून नेणारे चाक बसवायला पाच-सहाशे पौंड लागतात आणि त्यातून नफा निघत नाही, म्हणून थोडेच मालक ते बसवतात, असे ती सांगते. पुढे ती म्हणते की चाक असलेल्या ठिकाणी काही कामगारच नाखूश असतात, कारण तंतू गिळायची सवय झाल्यावर ते पोटात गेले नाहीत की भूक लागते. हंगामात जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, तासभर उभे राहिलेल्या वैदर्भीय वाचकाला इथे तळटीप लागू नये.

मग प्रकाशनाचे साल पाहावे. ही कादंबरी सप्टेंबर 1854 पासून जानेवारी 1855 पर्यंत, डिकन्स संपादक असलेल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात क्रमशः आली. इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावच्या कापडगिरण्यांतला मोठा संप तेव्हा नुकताच मिटला होता, हे कळले की कादंबरीतली संपाची प्रकरणे वेगळी वाचली जातात. साप्ताहिकात शेवट आवरता घ्यावा लागला, म्हणून पुस्तक काढताना लेखिकेने तिथे काही प्रकरणे वाढवली.

तिसरे काम वहीचे. पानावर ‘तिकडे’ आणि ‘इकडे’ असे दोन रकाने आखावेत. इकडे 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला, 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, 1867 मध्ये नागपूरला रेल्वे आली आणि 1 जानेवारी 1877 रोजी तिथे एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली. नागपूरकराला मोह होतो तो इथेच, दोन्ही रकाने लगेच रेघेने जोडण्याचा. पण 1854 मध्ये लँकेशायरच्या, म्हणजे प्रेस्टन ज्या परगण्यात आहे तिथल्या, गिरण्यांत येणारा कापूस प्रामुख्याने अमेरिकेतला, गुलामांच्या श्रमावर पिकलेला होता. वऱ्हाडी कापसाची तिकडची मागणी एकाएकी वाढली ती 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर. एम.ए.च्या निबंधात मी बेसीच्या छातीत खुशाल वऱ्हाडची रुई भरली होती. सरांनी काही न खोडता समासात एवढेच लिहिले: ‘साल?’