सेल्फ लागत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

मराठवाड्यात गाडीची बॅटरी खराब होते मे महिन्यात आणि बंद पडते डिसेंबरात. बाहेर ४२-४३ अंश असतात तेव्हा पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. त्या उष्णतेनं बॅटरीतलं पाणी उडतं आणि आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब आहे. उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं, सेल्फला (इंजिन फिरवणाऱ्या मोटारीला) जोर लागत नाही, म्हणून हे दुखणं झाकून राहतं. परभणीकडे थंडीत पारा दहाच्या खाली उतरला, ऑइल घट्ट झालं, की तेच इंजिन फिरवायला जास्त करंट लागतो आणि अर्धमेली बॅटरी तिथं हात टेकते. म्हणून वर्षातून दोनदा तपासणी करा: मार्चच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर लगेच.

पैसा वाया जातो तो न तपासता बॅटरी बदलण्यात. छोट्या पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-अवरची (हे बॅटरी किती वीज साठवते त्याचं माप) बॅटरी साधारण चार-पाच हजारांना पडते, मोठ्या डिझेल गाडीची त्याहून बरीच महाग. गाडी सुरू होत नाही म्हणून एवढे पैसे घालावेत आणि दोष निघावा अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा) किंवा ढिल्या टर्मिनलचा, म्हणजे बॅटरीच्या खांबावरच्या तारेच्या जोडाचा, असं फार वेळा होतं. तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर हे टाळतो. सगळ्या तयारीत आधी घ्यायची वस्तू हीच.

मीटर काय सांगतो

मीटरचा खटका डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी काहीही चालू करण्याआधी लाल तार अधिकवर आणि काळी उण्यावर टेकवा. १२.६ किंवा थोडं वर आलं तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० ला तळ जवळ आलेला. अर्ध्याच्या खाली आठवडेच्या आठवडे राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग चार्जिंग करूनही ती पूर्ण भरत नाही. त्यामुळे १२.२ दिसलं की त्याच दिवशी चार्जिंगला लावा.

दुसरी तपासणी सेल्फ मारताना. एकानं चावी फिरवावी, दुसऱ्यानं मीटर बघावा. आकडा ९.६ च्या खाली गेला आणि बॅटरी मुळात भरलेली होती, तर ती आतून थकली आहे. तिसरी तपासणी इंजिन चालू असताना: इथं १३.८ ते १४.५ यायला हवं. इंजिन चालू असूनही १२.५ च्या आसपासच राहिलं आणि घसरत गेलं, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा. नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरेल. सतत १५ च्या वर येत असेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरीतलं पाणी उकळून उडवतोय.

काही मिस्त्री अल्टरनेटर तपासायला इंजिन चालू ठेवून बॅटरीची एक तार काढतात. हे अजिबात करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि इंजिनाचा कंट्रोल युनिट, म्हणजे त्याचा छोटा संगणक, जळू शकतो. त्याची किंमत बॅटरीच्या कितीतरी पट असते.

मीटर जवळ नसेल तर आवाजावरूनही अंदाज येतो. चावी फिरवल्यावर टक-टक-टक असा भराभर आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे मंद, तर बॅटरी किंवा टर्मिनल. दिवे झगझगीत आणि एकच मोठा ‘टक’, तर संशय सेल्फवर घ्या.

टर्मिनल आणि पाणी

जे बिघाड फुकटात सुटतात त्यातले बरेच टर्मिनलवर असतात. पांढरी-निळसर पूड वर दिसते ती कमी त्रासाची. खरा अडथळा क्लॅम्पच्या आतल्या बाजूला, खांबाला चिकटलेल्या करड्या थरात असतो आणि तो क्लॅम्प काढल्याशिवाय दिसत नाही. बहुतेक गाड्यांना १० चा पाना लागतो. आधी उणे काढा, मग अधिक. बसवताना उलट, उणे शेवटी. हा क्रम चुकला आणि अधिक सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. एक ग्लास गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशनं घासा. बॅटरीची बुचं घट्ट असू द्या, सोडा आत जाता कामा नये. मग पॉलिश पेपरनं खांब आणि क्लॅम्प दोन्ही शिसं चमकेपर्यंत घासा, कोरडं करा, क्लॅम्प आवळा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. व्हॅसलीन आवळण्याआधी मध्ये भरू नका. हातानं हलवून क्लॅम्प हलला तर तो अजून ढिला आहे.

बुचांच्या बॅटरीत पाणी उन्हाळ्यात महिन्याला, एरवी दोन-तीन महिन्यांनी बघा. पाणी खालच्या खुणेच्या वर आणि प्लेटांवर साधारण एक सेंटिमीटर हवं. फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरा. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांनी जड असतं, आणि आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. ते प्लेटांवर बसतात. घरच्या इन्व्हर्टरसाठी पाच लिटरचा कॅन आणलेलाच असतो, त्यातलंच चालतं. अ‍ॅसिड कधीही वाढवू नका, दुकानदारानं ‘ताकद येईल’ म्हटलं तरी. उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. वरून अ‍ॅसिड घातलं की प्लेटा लवकर संपतात.

सीलबंद बॅटरीवरच्या काचेच्या डोळ्यावर पूर्ण विसंबू नका. तो सहापैकी एकाच सेलची अवस्था दाखवतो.

उभ्या गाडीतली गळती

गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल तर हे वाचाच. बंद गाडीही घड्याळ, अलार्म, लॉक यांसाठी २० ते ५० मिलिअँपिअर घेते. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. ३५ ची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी होते. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम किंवा जीपीएस चुकीच्या तारेवर जोडले असतील तर हेच चार दिवसांत होतं. शंका आली तर फ्यूज एकेक काढून कुठला काढल्यावर करंट कमी होतो ते इलेक्ट्रिशियनकडून शोधून घ्या. गाडी नुसती जागेवर चालू ठेवून फारसं भरत नाही. आठवड्याला सलग अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा. महिनाभर गावाला जाणार असाल तर उणे तार काढून ठेवा.

चार्जिंग सावकाश करा: बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याचा करंट, म्हणजे ३५ ला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. दुकानात ‘तासाभरात भरून देतो’ म्हणत मोठ्या करंटवर लावतात; त्यात बॅटरी तापते आणि वरवरच भरते.

रस्त्यात बंद पडली तर

डिकीत जंपर केबल ठेवा. घेताना वेष्टनावरचे अँपिअर सोडून तारेकडे बघा: स्वस्त केबलीत वरून जाड रबर आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, ती तापते आणि सेल्फ फिरत नाही. शुद्ध तांबं, छोट्या पेट्रोलला १६ चौरस मिमी, डिझेलला २५, लांबी अडीच-तीन मीटर.

बीड-जालन्याच्या रस्त्यांवर मदतीला कारपेक्षा ट्रॅक्टर आधी भेटतो, आणि तो चालतो, कारण त्याची बॅटरी १२ व्होल्टचीच असते. ट्रक आणि एसटी मात्र २४ व्होल्टच्या. त्यांची केबल लावून घेऊ नका.

१. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकलेल्या. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या अधिकवर, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या अधिकवर.
२. काळा चांगल्या बॅटरीच्या उण्यावर. शेवटचा काळा उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो.
३. मदतीची गाडी पाच मिनिटं चालू ठेवा. मग आपली चावी, एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही.
४. सुरू झाली की उलट क्रमानं काढा आणि घरी पोहोचेपर्यंत इंजिन बंद करू नका.

बॅटरी फुगलेली, फुटलेली किंवा सडक्या अंड्याच्या वासाची असेल तर जंपर लावू नका.

धक्का स्टार्ट फक्त साध्या गिअरच्या गाडीला: चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकलायला सांगा, वेग आला की क्लच झटकन सोडा. डॅशबोर्डचे दिवेही लागत नसतील तर पंप आणि इंजेक्शनला वीज मिळत नाही, ढकलून उपयोग नाही. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड असतं, उतारावर विशेष जपा.

घ्यावीच लागली तर

तीन-चार वर्षं झालेली, पूर्ण भरूनही सेल्फला ९.६ न टिकवणारी बॅटरी बदला. मोंढ्यातल्या दोन-तीन दुकानांत भाव विचारा, आणि जुनी देऊन व न देता असे दोन्ही आकडे मागा. उत्पादनाची तारीख बघा. दुकानात सहा महिने पडलेली घेऊ नका. स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी बसवू नका, तिला असं वारंवार सुरू होणं सोसणारी ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच लागते.

वॉरंटी ‘३६+३६’ लिहिलेली असली तरी फुकट बदलून मिळण्याचा काळ पहिल्या ३६ महिन्यांचाच असतो. नंतरच्या ३६ महिन्यांत नव्या बॅटरीवर फक्त टक्क्यांत सूट मिळते. ती छापील किमतीवर धरली जात असेल, तर बाजारभावाशी ताडून पाहिल्यावर फायदा थोडाच उरतो. म्हणून महागडी लांब वॉरंटी घेण्यापेक्षा पहिला आकडा बघून भाव करा, आणि कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख व बॅटरीचा क्रमांक तिथंच उभं राहून लिहून घ्या.