दात गेल्यावर: कॅप, ब्रिज, इम्प्लांट की कवळी?

दाताचे मूळ घट्ट असेल, तर तो काढण्याची घाई करू नका. रूट कॅनॉल झालेल्या दाढेवर मात्र कॅप, म्हणजे दाताला झाकणारे टोपण, बसवाच. आतून पोखरलेली दाढ भाकरी चावतानाही उभी चिरते आणि चीर मुळापर्यंत गेली की ती वाचत नाही.

दात गेलाच असेल, तर रिकामी जागा तशीच ठेवू नका. बाजूचे दात त्या जागेकडे कलतात, समोरच्या जबड्यातला दात लांबतो आणि मग नवा दात बसवायला जागाच उरत नाही.

ब्रिज म्हणजे बाजूच्या दातांवरच्या कॅपना जोडलेला मधला नकली दात. त्यासाठी दोन्ही बाजूंचे दात घासावे लागतात, चावण्याच्या पृष्ठभागावर साधारण दीड ते दोन मिलिमीटर. ते दात आधीच सिमेंट भरलेले असतील, तर ब्रिज चांगला. धडधाकट असतील, तर आमचा कौल इम्प्लांटला. ब्रिज सहसा मोडत नाही, कॅपच्या कडेखाली कीड लागून तो जातो. म्हणून रोज रात्री सुपरफ्लॉस (ब्रिजखालून ओवता येणारा दोरा) किंवा बारीक ब्रश खालून फिरवा.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर नवा दात बसतो. हाडाने तो पक्का धरायला बहुधा ३ ते ६ महिने लागतात. आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) करून हाडाची उंची-रुंदी पाहतात. मधुमेह असेल, तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासून घ्या. हाडांच्या ठिसूळपणावरची औषधे चालू असतील, तर ते आवर्जून सांगा. बिडी, तंबाखू, मिश्री सुटत नसेल, तर इम्प्लांट फसण्याचा धोका बराच वाढतो.

सगळेच दात गेले असतील, तर कवळी. दात काढल्यावर हिरड्या भरून येऊ द्या, मगच पक्के माप द्या. दोनदा माप, मग चावण्याची उंची, मग मेणावर बसवलेल्या दातांची ट्रायल. ट्रायलला घरचे माणूस सोबत न्या, आरशात बघा, मोठ्याने बोला. बदल करायचा तो इथेच, नंतर ॲक्रिलिक (कवळीचे प्लास्टिक) पक्के झाल्यावर फार काही हलवता येत नाही.

पहिले काही दिवस मऊ भात, खिचडी, रश्श्यात कुस्करलेली भाकरी खा. घास दोन्ही बाजूंनी एकदम चावा, एकाच बाजूने चावलात तर कवळी उलटते. चिवडा महिनाभर नकोच, त्याचे कण खाली अडकून हिरडी सोलते. कुठे टोचले, तर घरी कानस लावू नका. दवाखान्यात जाण्याआधी काही तास कवळी घालून ठेवा, म्हणजे लाल डाग दिसतो आणि नेमके तेवढेच घासता येते.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्याने ती वाकडी होते, टूथपेस्टने ओरखडे पडतात. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवा, निसटली तरी फुटणार नाही.

खालची कवळी वरचीपेक्षा सैल वाटतेच, कारण तिला टेकायला जागा कमी आणि जीभ सतत हलवते. फारच त्रास होत असेल, तर पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवता येते. खर्चाची अडचण असेल, तर नाशिकच्या पंचवटीतील महात्मा गांधी विद्यामंदिराच्या दंत महाविद्यालयात चौकशी करा. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे फेऱ्या जास्त होतात हे धरून चला.