नववी-दहावीच्या वर्गात एचआयव्हीचा तास घेताना

एचआयव्ही पसरण्याचे चार मार्ग मुलांना तोंडपाठ असतात, गुणही मिळतात. गाडी अडते ती पुढे: कंडोम फाटला, जत्रेत गोंदवून घेतलं, कुणी जबरदस्ती केली, तर करायचं काय? तास यासाठीच ठेवा. मुख्याध्यापक आणि पालकसभेला आधी कल्पना द्या.

आदल्या दिवशी प्रश्नपेटी फिरवा. सगळ्यांना एकाच मापाचे कागद द्या. नाव नको, पण लिहायचं प्रत्येकाने; प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’ एवढं लिहायचं. नाहीतर लिहिणाऱ्याकडे अख्खा वर्ग वळून बघतो आणि पेटी रिकामी येते. डास, ताट, मिठी हे प्रश्न हमखास निघतात. त्यातून लागण होत नाही, हे एका वाक्यात सांगून पुढे चला.

गोंदवताना सुई नवी हवी हे मुलांना माहीत असतं. शाईच्या वाटीकडे कुणी बघत नाही. वापरलेली सुई तिच्यातच पुन्हा बुडते, म्हणून शाईही नवी हवी. नशेची सिरिंज एकमेकांत वापरणं फार धोक्याचं, कारण पोकळ सुईत आधीच्याचं रक्त उरतं.

‘लग्नापर्यंत थांबा’ एवढ्यावर विषय गुंडाळू नका. कंडोम पैशांच्या पाकिटात महिनोन्महिने ठेवला की उष्णतेने आणि घासून कमकुवत होतो. तारीख बघावी, कंडोमचं वेष्टन दातांनी फाडू नये, चढवताना टोकातली हवा चिमटीने काढावी. तेल किंवा व्हॅसलिनने लेटेक्स फाटतो. एकावर एक दोन चढवू नयेत.

धोका घडलाच, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात पोहोचायचं. जितकं लवकर तितकं चांगलं. लागण टाळण्यासाठी डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्या २८ दिवस चुकवायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तपासणी करून ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून निश्चिंत होणं ही नेहमीची चूक: तपासणीत ज्या बघतात त्या अँटीबॉडीज (प्रतिपिंडं) रक्तात दिसायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात. आयसीटीसी म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात तपासणी मोफत आणि गोपनीय असते; १८ वर्षांखाली पालकांची संमती लागते. शंकांसाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन फळ्यावर लिहून ठेवा.

अत्याचाराची चिठ्ठी आली किंवा मूल एकटं येऊन बोललं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. उपचार मात्र तक्रारीसाठी थांबत नाहीत, आधी रुग्णालय गाठा.

आणि ‘कुणाच्या घरी आहे का?’ हा प्रश्न वर्गात गमतीनेही नको. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार एचआयव्हीमुळे शिक्षण नाकारता येत नाही, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय आपली एचआयव्ही स्थिती उघड करायला कुणाला भागही पाडता येत नाही.