हैदराबादला अचानक निघताय? या चुका टाळा

शुक्रवारी संध्याकाळी टपरीवर चहा पिता पिता "चल हैदराबादला" असं ठरतं आणि दोघं तसेच गाडीत बसतात, सगळ्यात मोठी चूक हीच. अचानक ठरवा की, मजा त्यातच आहे, पण निघा पहाटे. पुणे-हैदराबाद साधारण 560 किमी, सोलापूरवरून 65 नंबरचा हायवे, थांबत गेलात तर 10-11 तास धरायचेच. संध्याकाळी निघालात की सोलापूरच्या आसपास गच्च अंधार, आणि उसाच्या सिझनला तिथे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर.

माझा मावसभाऊ आणि त्याचा मित्र असेच निघाले. उमरग्याच्या अलीकडे एक ट्रॉली पार जवळ गेल्यावर दिसली, ब्रेक लागला म्हणून वाचले पण मागून येणारा टेम्पो बंपरला घासला, मग रस्त्यात भांडण, दोघंही हादरलेले, गाडी हळूहळू हाणत पार उशिरा हॉटेलवर पोचले तर रूम दुसऱ्याला देऊन टाकलेली, कारण उशीर होतोय एवढा फोन कुणी केलाच नव्हता. उरलेली रात्र पेट्रोल पंपावर गाडीत, शनिवार झोपण्यात, रविवारी परत. चारमिनारसुद्धा बघितला नाही! मला भयंकर राग आला, कारण पोरगा गाडी चांगली चालवतो, धीर तेवढा नाही. "रात्री रोड मोकळा असतो" हे कृपया मला सांगू नका.

मी पहाटे साडेचारला पुणं सोडतो, नाश्ता सोलापूरच्या अलीकडे. पुढे नळदुर्गचा किल्ला हायवेपासून जवळच आहे, तिथल्या बंधाऱ्यातला पाणीमहाल बघायचा, पाय मोकळे होतात आणि झोपही उडते. झहीराबादला जेवण आणि चारच्या आत हैदराबादच्या वेशीवरचं पाटणचेरू, कारण त्यानंतर कुकटपल्लीपर्यंत ऑफिस सुटल्याची गर्दी लागते. हॉटेल गच्चीबावली किंवा एलबी नगरकडे असेल तर आउटर रिंग रोड धरा. बाइकवाल्यांनो, त्या रोडवर टू-व्हीलरला बंदी आहे, आधीच दुसरा रस्ता बघून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे जुन्या शहरात गाडी घालणं. मॅप जवळचा रस्ता दाखवतो म्हणून लोक चारमिनारजवळच्या लाड बाजारच्या बाजूच्या गल्ल्यांत शिरतात, पुढे बांगड्या घेणाऱ्यांची गर्दी, मागे रिक्षा, रिव्हर्स घ्यायला जागा नाही, आणि शेजारी बसलेला मित्र तुमच्यावरच ओरडतोय. कशाला? गाडी हॉटेलवर ठेवा, मियापूर-एलबी नगर मेट्रोने एमजीबीएसला (महात्मा गांधी बस स्टेशन) उतरा, पुढे चारमिनारला रिक्षा करा.

सालारजंग म्युझियम आणि चौमहल्ला पॅलेस शुक्रवारी बंद असतात, तेवढं बघून वार ठरवा. फास्टॅगमध्ये पैसे आणि स्टेपनीत हवा आदल्या रात्रीच बघायची. भरपेट बिर्याणी खाऊन लगेच स्टिअरिंगवर बसू नका, तासभर आडवं व्हा.

आणि मित्राचं. तो गाडी चालवणार असेल तर लायसन्स आहे का ते घरीच विचारा, सोलापूरला नाही. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचं नाही, फारच डोळे मिटत असतील तर गाडी थांबवून दोघांनी झोपायचं, यात मी कुणाचंच ऐकत नाही. खर्चाचंही निघतानाच बोलून घ्या, डिझेल, टोल, रूम सगळं एकाच फोनवरून भरा, परतीच्या जेवणाला हिशोब मिटवा.